"कोण येतंय?" हा प्रश्न आता बंद करा

सोलापुरात राज्यशास्त्राचा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, कोण येतंय?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, "पद्मशाली किती, लिंगायत किती, मुस्लिम किती? आकडा द्या की." कुठून द्यायचा? सगळ्या जातींचे आकडे जाहीर झाले ते शेवटचे १९३१च्या जनगणनेत. मतदारयादीत जात नसते. मग म्हणे आडनावावरून लावा! पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, मुसलमानांतही आहेत. लावा बघू.

खरं काम अडतं ते फॉर्म २० पाशी. केंद्रनिहाय मतं मिळायचा कागद तो, आणि तो हाती येतो तिरपा स्कॅन होऊन, शिक्का नेमका आकड्यावर. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, लावलं की ३चा ८ होतो, १चा ७. मग प्रत्येक ओळीची आडवी बेरीज, प्रत्येक रकान्याची उभी बेरीज. जुळलं नाही तर चूक ओसीआरची की मूळ कागदातलीच, हे परत डोळे फोडून बघायचं. एका विधानसभेत तीनशेच्या आगेमागे केंद्रं, लोकसभेला अशा सहा विधानसभा. टपाली मतं केंद्रांत धरलेलीच नसतात, ती शेवटी वेगळ्या ओळीत. ती ओळ सुटली की एकूण बेरीज गंडली.

त्यात केंद्राचा नुसता नंबर, नाव नाही. १२४ म्हणजे कुठली शाळा? त्याच निवडणुकीची केंद्रांची यादी शोधा. मागची चालत नाही. मतदार वाढले की केंद्र फोडतात आणि पुढचे नंबर सरकतात. तरी २०१९चं १२४ आणि २०२४चं १२४ शेजारी मांडून "इथं मतं फिरली" असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच.

वर "जिल्ह्याचा लोकसभेचा कल" हवा असतो. अहो, २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पंढरपूर लोकसभा गेली, माढा आली. जिल्ह्यातल्या ११ विधानसभा आज तीन लोकसभांत विभागल्यात, बार्शी तर धाराशिवला आहे. कुठल्या जिल्ह्याचा कल?

सगळ्यात डोकं फिरतं ते पुढच्या हिशोबानं. केंद्रावर ७० टक्के विणकर, एका पक्षाला ७० टक्के मतं, म्हणजे विणकरांनीच दिली! असं निघत नाही. कोणी कुणाला दिलं हे त्या कागदावर नसतं. एवढं समजावलं की समोरचा हसून म्हणतो, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही तर."

गुप्त मतदान आहे हो!