‘परवायिल्लै’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या १४ महिन्यांच्या भारतप्रवासावरील लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. हिंदी आणि इंग्रजी पुरेशी असताना जागोजागी चार-चार महिने थांबून तिथली भाषा शिकणे ही हौस आहे, अभ्यास नव्हे. ज्या घरात मी केवळ भाडेकरू होते, तिथला मृत्यू मी स्वतःच्या दुःखासारखा मांडला. आणि दूरध्वनीवरचा तो प्रसंग लिहून मी एका कुटुंबाच्या शोकाचा विनोद केला. उत्तराला दहा दिवस लागले, कारण यांतला एक आक्षेप मला अर्धा मान्य आहे आणि नेमका कोणता, हे मलाच लवकर उमगत नव्हते.

हिंदीचा मुद्दा थोडक्यात आटोपते. २०११ च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा असणारे ४३.६३ टक्के होते (भोजपुरी, राजस्थानी यांसारख्या भाषा हिंदीत धरून), आणि मी जिथे तमिळ शिकले ते तमिळनाडूतले कावेरीकाठचे कुंभकोणम त्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. इंग्रजीवर तिथे खोली मिळते, बँकेतले काम होते, औषधे मिळतात. मात्र संध्याकाळी ओसरीवर कोणी आपल्याशी गप्पा मारायला बसत नाही. मला ओसरी हवी होती.

हौसेचा आरोप अधिक गंभीर आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या सर्वांना एकच अक्षर आहे, त्यामुळे वाचता येऊ लागले तरी उच्चार ऐकूनच शिकावा लागतो. त्यात पुस्तकातली तमिळ आणि घरातली तमिळ यांत मोठे अंतर: पुस्तकात ‘इरुक्किऱदु’ म्हणजे ‘आहे’, घरात त्याचे नुसते ‘इरुक्कु’ होते. चार महिन्यांत या दोन्हींपैकी एकही पुरती येत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि तो फोन आला तेव्हा या म्हणण्याची किंमत मी मोजली.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंभकोणम सोडून मी भुवनेश्वरला ओडिया शिकत होते. घरमालकीण अम्मांनी अनामत परत करताना पाचशे रुपये कमी पाठवले होते आणि त्याविषयी मी त्यांच्या मुलाला निरोप ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: “अम्मा नेत्तु तवऱिट्टांग.” ‘नेत्तु’ म्हणजे काल. ‘तवऱु’ म्हणजे चूक, हे माझ्या पुस्तकात पहिल्याच महिन्यात आले होते. अम्मांची काल हिशेबात चूक झाली, असे मी समजले आणि माझ्या अत्यंत सफाईदार तमिळमध्ये म्हणाले, “परवायिल्लै.” काही हरकत नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने तेच इंग्रजीत सांगितले. बोलण्यात ‘तवऱिट्टांग’ म्हणजे वारल्या.

आपण याला विनोद म्हणता. मराठी शिकणाऱ्या एखाद्याला “आजी गेल्या” असे सांगावे आणि त्याने “कुठे?” असे विचारावे, असाच हा प्रकार आहे. मृत्यूचे नाव थेट घ्यायचे टाळणारी प्रत्येक भाषा नवख्यासाठी हा खड्डा खणून ठेवते. मी तो लिहिला, कारण भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत बाजार असतो, स्टेशन असते, हॉटेल असते; दुखवट्याचा धडा मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही. प्रसंग छापण्यापूर्वी मुलाची परवानगी घेतली होती, हे मात्र लेखातच नमूद करायला हवे होते.

दुसऱ्या आक्षेपात मला तथ्य दिसते, पण आपण म्हणता त्या कारणाने नव्हे. दुःख कोणाचे, याचा निवाडा भाडेपावतीवरून होत नाही. अम्मा माझ्याशी बोलताना ‘नम्म वीडु’ म्हणत, ‘एंग वीडु’ नव्हे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपले’ आणि त्याला वगळून ‘आमचे’ हा भेद तमिळमध्ये आहे, मराठीतही आहे, हिंदीत नाही. त्यामुळे तो मला शिकवावा लागला नाही. (‘नम्म’ रोजच्या बोलण्यात सैलपणे वापरतात, म्हणून याचा फार मोठा अर्थ मी लावत नाही.) माझी खरी चूक अशी की, त्या लेखात माझ्या शरमेला दोन पाने मिळाली आणि अम्मांना सहा ओळी.

तेव्हा इथे चार ओळी अधिक. तमिळमधला ‘ऴ’ मराठी माणसाला सोपा वाटतो, कारण आपल्याकडे ‘ळ’ आहे. प्रत्यक्षात ती दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि ‘ऴ’साठी जीभ मागे वळवून टाळूला न टेकवता अधांतरी धरावी लागते. ‘वाऴैप्पऴम’ म्हणजे केळे. तो शब्द नीट म्हटल्याशिवाय अम्मा मला केळे देत नसत, आणि पहिले तीन आठवडे मी केळ्यावाचून काढले. माझ्यासाठी त्या कधीही सावकाश बोलल्या नाहीत. वाचनाच्या सरावाला मला बसस्टँडवर पाठवत, गाड्यांवरच्या पाट्या वाचून यायला. परतल्यावर गावांची नावे तोंडी म्हणून घेत. वाटेत भिंतींवर ‘कण्णीर अंजली’चे फलक लागलेले असत, मृतांची छायाचित्रे आणि खाली दोन तारखा, ‘तोट्रम’ आणि ‘मऱैवु’, म्हणजे प्रकट होणे आणि दिसेनासे होणे. ते वाचू नकोस, असे मात्र त्यांनी सांगून ठेवले होते. मी वाचत असे. सोपे होते, अक्षरे मोठी असत.

भुवनेश्वरहून कुंभकोणमला पोहोचेपर्यंत अंत्यविधी होऊन गेला होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फलक होता आणि तो मी एका दमात वाचला. घरात तासभर बसले. कोणाशी काय बोलावे ते ठाऊक नव्हते, म्हणून बोलले नाही, आणि पाचशे रुपयांचे पाकीट मुलाने पुढे केले तेव्हा नुसती मान हलवून ते परत केले. एरवी त्या घरातून बाहेर पडताना ‘पोयिट्टु वरेन’, जाऊन येते, असे म्हणायची सवय अम्मांनीच लावली होती. नुसते ‘जाते’ म्हटलेले त्यांना खपत नसे. त्या दिवशी मी काहीही न म्हणता उठले आणि चपला घातल्या. दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचे नसते, हे मला माझ्या आजीने लहानपणीच सांगितले होते. दारातल्या बायकांनीही मला निरोप दिला नाही.

आपली,
लेखिका