पार्दिनी घ्यायच्या आधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की नेमबाजीच्या जुन्या वॉल्थर जीएसपी पिस्तुलाची ग्रिप (मूठ) आणि स्प्रिंग बदला हा माझा सल्ला म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला नवं खोगीर. मोठ्या स्पर्धांत जिकडे तिकडे पार्दिनी कंपनीची पिस्तुलं दिसतात, ट्रिगर हलका, झटका कमी, मग तुमच्या नेमबाज मुलीनं मागे का राहावं?

पार्दिनी एसपी उत्तमच आहे. नळी हाताच्या अगदी जवळ बसते, त्यामुळे झटक्यानं नळीचं तोंड कमी उचलतं. पण याचा खरा फायदा रॅपिड फायर या वेगळ्या स्पर्धेवाल्यांना. पाच टार्गेटं, पाच गोळ्या, आणि शेवटी शेवटी वेळ अवघा ४ सेकंद. विजय कुमारनं २०१२ साली लंडनला रौप्य मिळवलं तो हा प्रकार. तुमची मुलगी खेळते ती २५ मीटर पिस्तूल, ज्यात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं. यात दोन टप्पे, सावकाश नेमाचा प्रिसिजन आणि घाईचा रॅपिड; पण इथे रॅपिडच्या टप्प्यातही टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद आड, आणि दर वेळी एकच गोळी. दर गोळीनंतर हात तर खाली न्यावाच लागतो. झटका सावरायला वेळ मिळतो की!

ट्रिगरचं म्हणाल तर नियम सगळ्यांना सारखाच: ट्रिगरनं न सुटता १००० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, पिस्तूल कुठल्याही कंपनीचं असो.

ग्रिपवर मी अडून बसतो त्याचं कारण घरी बघता येईल. रिकामं पिस्तूल, मॅगझिन काढलेलं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) तपासलेलं. मुलीला डोळे मिटून हात उचलायला सांगा आणि मग उघडायला. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ठीक. दर वेळी डावीकडे सरकलेली असेल तर ती मनगट वळवून साइट जुळवतेय, आणि घाईच्या ३ सेकंदांत ते वळवणं राहून जातं. तळहात आणि लाकूड यांच्यात कुठे पोकळी आहे ते बघा, तिथे पुट्टी भरा; टोचतं तिथे कानस. आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, जवळ बसून करत असेल तर उत्तमच.

काडतुसांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, याचं नवल वाटलं. या पिस्तुलांच्या पॉइंट टू-टू काडतुसाचं प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारा मसाला, काडतुसाच्या कडेत असतं, ते घरी पुन्हा भरता येत नाही. म्हणजे कारखान्यातून जो लॉट आला तो आला. दोन-तीन लॉट टेकणावरून मारून बघा. प्रिसिजनचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. टेकणावरून पाचही गोळ्या त्यात आरामात बसत असतील तर नळीला दोष देऊ नका. आणि बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, मागून आवरणारी स्प्रिंगच, ती थकली की काडतुसं अडकायला लागतात. नवी स्प्रिंग नव्या पिस्तुलाच्या मानानं कवडीमोल.

सुट्या भागांचा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. जुन्या जीएसपीचे भाग मिळवताना नाकी नऊ येतात, आणि बोल्टच चिरला असेल तर मीही म्हणेन, पार्दिनी घ्या.

जीएसपीची ग्रिप पार्दिनीला बसत नाही, पैसे वाया, असंही तुम्ही लिहिलंय. लाकूड बसणार नाही, खरंय. पण कुठे भर घालायची आणि कुठे तासायचं हे मुलीला कळलेलं असेल. नव्या ग्रिपवर तेच काम मग एका दुपारचं.