पापडात कसलं आलंय इनोव्हेशन?

बचत गटातल्या बायकांना हे ऐकवणारे लोक मला मनापासून खटकतात. "पापड, लोणचं सगळेच करतात, तुमच्यात युनिक काय?" अहो, लिज्जतचा पापड तरी कुठे युनिक होता? उडदाचा पापड घरोघरी लाटला जायचाच की.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं, ते फारसं कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह, वर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, भर पावसात काम सुरू! यात ना ड्रायर ना गुंतवणूकदार, अडलंय कुठे हे लाटणाऱ्या बायकांनाच नेमकं माहीत होतं म्हणून सुचलं ते.

आणि खरी कल्पकता तर कामाच्या मांडणीत आहे. पीठ मळायचं केंद्रावर, सगळ्यांचं एकत्र, म्हणजे चव बदलत नाही. ते घरी न्यायचं, पोरंबाळं स्वयंपाक सांभाळून लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड जमा करायचे, लाटणावळ घ्यायची आणि नवीन पीठ घेऊन घरी. जिला घराबाहेर नोकरी करणं शक्यच नव्हतं तिला घरात बसून कमाई मिळाली, आणि लाटायला मोठा कारखाना बांधायची गरजच उरली नाही. वर प्रत्येक बहीण (लिज्जतमध्ये सभासद बाईला बहीणच म्हणतात) मालकीण, नफ्यात तिचा वाटा, आणि देणगी घ्यायची नाही हे सुरुवातीलाच ठरलेलं. आज ४० हजारांहून जास्त बायका यात आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, म्हणजे तब्बल ६२ वर्षांनी, आणि मला हा उशीर फार लागतो.

म्हणून बचत गटांना ट्रेनिंग द्यायला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, लोगो आणि पॅकिंगचे तास थोडे कमी करा. आधी त्या बायकांना विचारा की काम कुठे अडतं, कुठल्या महिन्यात बंद पडतं, हातात पैसे कधी येतात, आणि त्या बोलतील तेव्हा वही उघडून लिहून घ्या.