फसलेली चादर पुढं टाकून बघा

१५ जानेवारी २०२४, संक्रांतीची सकाळ. घरात तिळगुळाची गडबड, बाहेर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला निघालेली माणसं, आणि मी मोबाईलवर अमेरिकन फुटबॉल बघत बसलेलो. (हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. आपल्या पार्क मैदानाचा त्याच्याशी काही संबंध नाही.) डेट्रॉइट लायन्सनी लॉस एंजेलिस रॅम्सला २४-२३ असं हरवलं. लगेच डेट्रॉइटहून भाच्याचा फोन. "मामा, जिंकलो की ओ!" गडी रडत होता. प्लेऑफमधला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधला, ३२ वर्षांतला पहिला विजय.

तेव्हापासून दर जानेवारीत तो मला इच्छुक जनरल मॅनेजरांच्या याद्या पाठवतो. सीझन संपला की तिकडं जनरल मॅनेजरांना नारळ मिळतो आणि नव्यांच्या मुलाखती सुरू होतात. जनरल मॅनेजर म्हणजे कोच नव्हे. आमच्या चादरीच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर सूत कुठलं घ्यायचं, कामगार कोण ठेवायचा, किती पैशात, हे सगळं त्याच्याकडं. माग चालवणारा कोच वेगळा. ५३ खेळाडू आणि पगाराला ठरलेली मर्यादा, २०२४ साली ती साडेपंचवीस कोटी डॉलरच्या वर होती. भाचा विचारतो, "मामा, कोण बरा वाटतो?" यादीत प्रत्येकापुढं लिहिलेलं असतं : अनुभव दांडगा, बोलणं प्रभावी.

बोलणं प्रभावी वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. मोठ्या मिलमधून आलेला असाच एक मॅनेजर मी ठेवला होता. इंग्रजी असं की पार्टी खूश. आठ महिन्यांत दोन ऑर्डरी परत आल्या.

डेट्रॉइटनं हेच २००१ साली केलं होतं. मॅट मिलन, खेळाडू म्हणून चार सुपर बोल (तिकडची फायनल) जिंकलेला, टीव्हीवर उत्तम बोलणारा; निवडीच्या कामाचा अनुभव शून्य. २००३, २००४, २००५, सलग तीन वर्षं ड्राफ्टच्या (संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीत पास झेलणारा वाइड रिसीव्हरच उचलला. गोदामात निळं सूत पडून आणि हा पुन्हा निळंच आणतोय! २००८ च्या सीझनमध्येच त्याला काढलं, त्या वर्षी संघ सोळाच्या सोळा मॅच हरला.

आमचे अण्णा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, निवडायचे तेव्हा आधी चहा पाजायचे. मग कपाटातून एक फसलेली जकार्ड चादर (भोकांच्या कार्डावरून नक्षी विणतात ती) काढून पुढं टाकायचे. मोराची होती, एका मोराची मान मोडलेली. "सांग, काय झालं?" बहुतेक जण म्हणायचे, सूत हलकं असेल, नाहीतर कामगार नवा असेल. एकजण काहीच बोलला नाही. चादर उलटी केली, खिडकीच्या उजेडात नेली, नखानं चाचपली. म्हणाला, "मालक, कार्डाची चूक असती तर सगळेच मोर असे आले असते. हितं तार तुटलीय अन् माग थांबवला नाही. माझ्या हातनं बी झालंय एकदा." एकोणीस वर्षं होता आमच्याकडं.

लायन्सनी २०२१ साली जनरल मॅनेजर म्हणून घेतलेला ब्रॅड होम्स मला त्या जातीचा वाटतो. रॅम्सच्या प्रसिद्धी विभागात इंटर्न म्हणून सुरुवात, मग वर्षानुवर्षं कॉलेजांची मैदानं पालथी घातलेली. २०१७ पासून तर रॅम्सला पहिल्या फेरीतून एकही खेळाडू घेता आला नव्हता, म्हणजे उरल्यासुरल्यातून माल शोधायचा. डेट्रॉइटला आल्यावर त्यानं अमॉन-रा सेंट ब्राउन चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर उचलला. आणि संक्रांतीला रॅम्सला हरवणारा, पास फेकणारा क्वार्टरबॅक गॉफ? तो रॅम्सनीच अदलाबदलीत देऊन टाकलेला.

भाचा म्हणतो, जॉन लिंचपण टीव्हीवरूनच आला आणि सॅन फ्रान्सिस्कोला दोनदा सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. खरंय. पण त्यानं येताना अ‍ॅडम पीटर्ससारखा निवडीतला मुरलेला माणूस सोबत आणला. आपल्याला काय येत नाही ते त्याला ठाऊक होतं.

परवा नवी यादी आली. मी लिहिलं, यांतल्या कुणाला त्याची फसलेली निवड समोर ठेवून काही विचारलंय का? उत्तर आलं : "मामा, पहिली मुलाखत बहुतेकदा व्हिडिओ कॉलवर असते. चादर टाकणार कुठं?"