फाटक्या जिभेचा बूट

माझा बूट परवा परत गेला. मी पाठवला नाही. आवडला नाही असंही नाही, उलट अकरा महिने त्याच्यावर डोळा ठेवून होतो. तो गेला, कारण उदगीरच्या एका कुरिअर ऑफिसात माझ्या मागं उभ्या असलेल्या आप्पांनी त्याची जीभ, म्हणजे नाडीखालची पट्टी, बघितली.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंपन्या पळायचे काही बूट मोजकेच काढतात. ते निघाल्या दिवशी संपतात आणि पुढं कित्येक वर्षं या हातातून त्या हातात फिरत राहतात. माझा होता एसिक्सचा जेल-लाइट थ्री. मूळ बूट 1990 चा, शिगेयुकी मित्सुई नावाच्या जपानी माणसानं आखलेला. 2015 मध्ये त्याची पंचविशी झाली तेव्हा जे रंग निघाले, त्यातला हा एक. या बुटाची ओळख म्हणजे मधोमध दुभंगलेली जीभ. पळताना अखंड जीभ एका बाजूला सरकते, म्हणून मित्सुईनं तिचे दोन भाग केले आणि ते दोन्हीकडं जोडून टाकले. सगळी किंमत त्या जिभेची. हे लक्षात असू द्या.

आता खरेदी. विकणाऱ्याचे फोटो हे विकणाऱ्याचेच असतील असं नाही. म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहून, ती बुटावर ठेवून फोटो मागायचा. मग बुटाच्या आतलं लेबल, दोन्ही पायांचं. डब्याच्या बाजूचं लेबल. मॉडेलचा आकडा तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आदिदासच्या लेबलावर मात्र मॉडेलखेरीज खाली एक बारीक क्रमांक असतो, तो डाव्या-उजव्याला वेगळा असतो. नकली करणारा एकच लेबल हजारदा छापतो आणि तिथं सापडतो. मग आतला तळवा उपसून खालची शिलाई, मग दोन्ही टाचा शेजारी उभ्या करून मागून. इतके फोटो मागितले की निम्मे विकणारे रागावून ब्लॉक करतात. ते नकलीवाले. उरलेल्यांपैकी एखादा सांगतो की मी लष्करात आहे, अचानक बदली झालीय, आणि टोकन परत द्यायला क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. एवढं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा.

मापाचं वेगळंच. यूके 8 म्हणजे एसिक्स आणि नायकीत 27 सेंटीमीटर, आदिदास आणि न्यू बॅलन्समध्ये साडेसव्वीस. आकडा तोच आणि पाय अर्धा सेंटीमीटर बाहेर. म्हणून भिंतीला टाच टेकवून, कागदावर अंगठ्याची खूण करून, पट्टीनं मोजायचं आणि फक्त सेंटीमीटरमध्ये बोलायचं.

एवढं सगळं करून दिल्लीच्या एकाशी सौदा साडेचौदा हजाराला ठरला. तीन आगाऊ, बाकीचे साडेअकरा उघडून बघितल्यावर. कुरिअरवाल्या पोराला माझं घर चार दिवस सापडलं नाही. शेजारच्या खानावळीत तो रोज जेवतो. पाचव्या दिवशी म्हणाला, "सर, ऑफिसातच या की."

आप्पा पुण्याच्या नातवाला येसर आणि शेंगाची चटणी पाठवायला आले होते. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात दोरीनं आवळलेला तेलाचा पत्र्याचा डबा.

"काय मागिवलाव?"

"बूट, आप्पा."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "हायत की."

"हे वेगळे."

"केवढ्याला?"

या नादातला पहिला नियम: विचारलं तर किमतीतलं एक शून्य खायचं. मी "साडेचौदाशे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोरगं मोबाइलमधून मान वर न करता मोठ्यानं म्हणालं, "साडेअकरा हजार द्यायचेत सर, नगदी का ऑनलाइन?" रांगेतली कुजबुज थांबली.

आप्पांनी डबा खाली ठेवला, टॉवेलाला हात पुसले आणि बूट मागितला. मी दिला. का दिला, हे मला अजून कळलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, माणूस जाणकार होता. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात आयुष्य गेलेलं. बूट उलटा केला, खुराकडं बघावं तसा तळ बघितला. मधल्या फोमात अंगठा रुतवला आणि तो किती वेळात वर येतो ते बघितलं. चवडा वाकवला. वास घेतला. मग दोन्ही बूट टेबलावर ठेवून चार पावलं मागं जाऊन, जोडी एकसारखी उभी राहते का ते एक डोळा मिटून पाहिलं. नकली ओळखायला मी फोटोतून जे शोधतो, तेच हा माणूस हातानं शोधत होता.

"किती दाती हाय?" बैलाचं वय दातांवरून विचारतात, तसं विचारलं.

"2015 चा."

"म्हंजे जुळला की. म्हातारा."

"एकदाही घातलेला नाही, आप्पा."

"इतकी वर्षं दावणीलाच? मग तर आखडला आसंल."

बरोबर बोलले! न घातलेला बूट टिकतो हा गैरसमज आहे. ज्यांचा फोम पॉलियुरेथेनचा, ते हवेतला ओलावा पिऊन आतून तुटत जातात आणि एक दिवस पायाखाली बिस्किटासारखे भुगा होतात. अधूनमधून घातलेले त्यामानानं बरे राहतात, कारण दाबानं ओल बाहेर पडते. माझ्या बुटाचा फोम ईव्हीएचा, तो भुगा होत नाही पण कडक होतो, आणि त्याआधी तळाचं सुलोचन, म्हणजे चिकटवायचा गोंद, वाळून सुटतं. त्यात आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी आणि ऑगस्टमध्ये तिथंच बुरशी. म्हणून बूट माळ्यावर ठेवायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे नाहीत, आणि दोन महिन्यांतून एकदा घरातल्या घरात घालून फिरायचं. बायको हसते, हसू द्यायचं.

मग मी रंगावर आलो. बूट तोच, पण रंग बदलला की भाव तिप्पट. हे आप्पांना सांगावंच लागलं नाही. "देवणी बैलात न्हाई का," म्हणाले, "वानेरा, शेवरा, बाळंक्या. बैल तोच, गिऱ्हाईक येगळं." माझ्या घरच्यांना नऊ वर्षांत न पटलेली गोष्ट या माणसानं एका दमात सांगितली. मला भरून आलं. त्या भरात मी त्यांना आदिदासचा ॲडिओस प्रो एव्हो 1 पण सांगितला. 2023 सालचा, एक बूट 138 ग्रॅम, किंमत 500 डॉलर, पहिल्या खेपेला फक्त 521 जोड्या, इथिओपियाच्या टिगिस्ट असेफानं त्याच बुटात बर्लिन मॅरेथॉनला 2 तास 11 मिनिटं 53 सेकंदांचा, बायकांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, आणि कंपनी स्वतः म्हणते की हा एका मॅरेथॉनपुरता आहे.

"मॅरेथॉन म्हंजे किती?"

"42 किलोमीटर."

आप्पांनी हिशेब केला. "म्हंजे हितून लातूरला निघालं तर मधीच अनवाणी."

रांग हसली. मीही हसलो. तिथंच पार्सल उचलून निघायला हवं होतं. पण तेवढ्यात त्यांनी नाडी सैल केली.

"आरं! फाटकं दिलंय की हे!"

"नाही आप्पा, ते तसंच असतं."

"तसंच कसं आसंल? जीब बगा की, मधून फाडलीय. सापावानी." दुसरा उचलला. "ह्येची बी! दोन्ही! आता तर मुद्दामच फाडलंय."

मागच्या बाई पुढं आल्या, बोट घालून बघितलं आणि निकाल दिला: "उंदीर."

"उंदीर दोन्हीला एकसारखं कसं कुरतडंल?" एका गृहस्थानं शंका काढली आणि त्यावर दोन तट पडले. मी मोबाइलवर मित्सुईचा बूट शोधत होतो, रेंज गोल फिरत होती. पोराचा चेहरा उतरला. मागच्या महिन्यात कुणाचा तरी मिक्सर फुटका निघाला, त्याचे पैसे याच्या पगारातून कापले होते. त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

"काय केलंस?"

"डॅमेज टाकलं सर. तुमचं नुकसान कशाला."

"अरे, काढ ते!"

"आता निघत न्हाई सर. सिस्टीममध्ये गेलं."

आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाचलाव बाबा. साडेअकरा हजार वाचले." आणि मी, रांगेच्या साक्षीनं, "थँक्यू आप्पा" म्हणालो. ते थँक्यू अजून घशात अडकलंय.

नुकसान काय, ते ऐका. कुरिअर नुसतं वजन तोलत नाही, डबाही मोजतं, आणि जे जास्त भरेल त्याचं भाडं घेतं. बुटाचा डबा दबू नये म्हणून बाहेरून दुसरा डबा घालायचा असतो, हा माझाच हट्ट. बाहेरचा 40 बाय 30 बाय 18 सेंटीमीटर. गुणाकाराला 5000 नं भागा: 4.32 किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यानं भाडं साडेचार किलोचं. जोडी पाऊण किलोची. म्हणजे पावणेचार किलो दिल्लीची हवा उदगीरला आली, आमच्या लोकांनी तिची तपासणी केली आणि ती परत गेली. जाण्यायेण्याचं भाडं माझ्या आगाऊ रकमेतून कापलं. दिल्ली-मुंबईची पोरं दुकानात जाऊन बूट हातात घेऊन बघतात. आम्ही इथं चिठ्ठीवर नाव लिहून फोटो मागतो, टोकन भरतो, पाच दिवस फोन करतो आणि मग उंदरावर चर्चा ऐकतो.

काल तीच जोडी पुन्हा विकायला लागलेली दिसली. साडेसोळा हजार. फोटो तोच, माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट. खाली नवीन ओळ: "जीभ फाटलेली नाही. डिझाइन आहे. घरातल्या मोठ्यांना दाखवून मग ऑर्डर करावी."

मी लगेच टोकन भरलं. पत्ता लातूरच्या मावसभावाचा दिला आणि त्याला फोन करून सांगितलं की पार्सल येईल, न उघडता घे, कुणाला दाखवू नको.

"घेतो की," तो म्हणाला. "केवढ्याचं हाय?"