‘तिकिटांना कायदाच नाही’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

मोठा कार्यक्रम जाहीर झाला की तिकीट मिळो न मिळो, एक मेसेज मात्र हमखास मिळतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो पहिल्यांदा आला २०२४च्या सप्टेंबरात, कोल्डप्ले या बँडच्या तिकिटांवर झुंबड उडाली तेव्हा. त्यानंतर दर मोठ्या शोच्या आधी तो उगवतोच. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पुन्हा पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

“भारतात कार्यक्रमांच्या तिकिटांना कायदाच लागू नाही. तिकीट घेतलं की ती तुमची मालमत्ता, कितीलाही विका. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ यावर टिक केलीत की विषय संपला. वेबसाइट फक्त मध्यस्थ असते. परदेशी साइटला कोणी हात लावू शकत नाही. हायकोर्टानेही हेच सांगितलंय. म्हणून गप्प बसा आणि शो बघा.”

हे सगळं धादांत खोटं असतं तर दोन ओळींत निकालात काढता आलं असतं. पण त्यात एक खरी गोष्ट आहे आणि तिच्या आडोशाने बाकीचं खपून जातं. तिकिटांच्या पुनर्विक्रीवर आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, हे खरं. आयर्लंडने तो २०२१ मध्ये केला. ठरावीक मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने विकणं तिथे गुन्हा आहे. जपानमध्ये २०१९पासून असा कायदा आहे. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशीच बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. आपण अजून तिथवर पोचलेलो नाही. पण ‘स्वतंत्र कायदा नाही’ याचा अर्थ ‘कायदा नाही’ असा लावणं म्हणजे, वडापावसाठी वेगळा कायदा नाही म्हणून शिळा वडापाव विकायला मोकळीक आहे, असं म्हणण्यासारखं झालं.

आता एकेक वाक्य घेऊ.

“कायदाच लागू नाही.”

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उघडा. कलम २(४२) मध्ये ‘सेवा’ म्हणजे काय ते सांगताना बँक, विमा, वाहतूक, वीज यांच्याच रांगेत मनोरंजन आणि करमणूक हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. ओढूनताणून अर्थ काढायची गरजच नाही. पैसे मोजून तिकीट घेणारा ग्राहक असतो. इतकंच नाही, तुम्ही भाचीसाठी तिकीट काढलंत आणि शो पाहायला ती गेली, तर सेवेची लाभार्थी म्हणून तीही ग्राहक ठरते. फुकट पास मिळालेला मात्र ग्राहक नाही, कारण मोफत सेवा या व्याख्येत बसत नाही. पासवर जाऊन खुर्ची मोडकी होती म्हणून भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. आयोजक दिल्लीत असो की बेंगळुरूत, नाशिकच्या माणसाने नाशिकमध्येच अर्ज द्यायचा. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. या दोन वर्षांकडे नंतर परत येतो.

“तिकीट ही तुमची मालमत्ता, कितीलाही विका.”

हे वाक्य सगळ्यात गमतीदार आहे, कारण त्याचं उत्तर १८८२ सालच्या कायद्यात आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा नावाचा हा जुना कायदा वहिवाटीच्या भांडणांत अजूनही रोज वापरला जातो. त्याचं कलम ५६ म्हणतं की परवाना, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत जाण्याची मुभा, सहसा दुसऱ्याला देता येत नाही. याला एक अपवाद आहे: सार्वजनिक करमणुकीच्या जागी जाण्याचा परवाना. तो देता येतो, पण ‘वेगळा हेतू व्यक्त केलेला नसेल किंवा अर्थातच निघत नसेल तर’. कल्पना करा, ग्रँट रोडच्या नाटकशाळांच्या जमान्यात कुणीतरी बसून नाटकाच्या तिकिटाचा विचार केला होता!

यातून दोन गोष्टी निघतात. तिकीट म्हणजे खुर्चीची मालकी नव्हे, ती आत जाण्याची मुभा आहे. आणि ती मित्राला देण्यात मुळात काही गैर नाही, मात्र आयोजकाने ‘हस्तांतर नाही’ अशी अट घातली असेल तर ती अट चालते. तिकिटावर नाव असेल आणि दाराशी ओळखपत्र मागितलं जाणार असेल, तर दुप्पट भावाने घेतलेलं तिकीट घेऊन तुम्ही बाहेरच उभे राहाल. विकणारा तोवर गायब झालेला असेल.

‘कितीलाही’ या शब्दाचं काय? इथे मेसेज लिहिणाऱ्याने १ जुलै २०२४पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता वाचलेली दिसत नाही. तिचं कलम ११२ ‘किरकोळ संघटित गुन्ह्या’चं आहे. टोळी किंवा गट करून केलेली चोरी, हिसकावणी, फसवणूक, बेकायदा जुगार, प्रश्नपत्रिकांची विक्री, आणि याच यादीत चक्क ‘तिकिटांची अनधिकृत विक्री’. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षं, शिवाय दंड. एकेकाळी थिएटरबाहेर ‘दो का चार, दो का चार’ पुटपुटणारा माणूस आता टेलिग्रामवर गेला आहे, आणि बहुतेक वेळा एकटा नसतो. पन्नास खाती उघडून तिकिटं उचलायची, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणायचं, तिसऱ्याच्या खात्यात पैसे घ्यायचे, हा गटाचाच धंदा झाला. पण तुम्हाला ऐनवेळी ताप आला म्हणून एक तिकीट सहकाऱ्याला विकलंत, तर ११२ तुम्हाला लागत नाही. कलम गटासाठी आहे.

उलट बाजूचा गैरसमजही इथेच मिटवायला हवा. ‘तिकिटावरची किंमत म्हणजे एमआरपी, एक रुपया जास्त घेतला तरी गुन्हा’ असं सांगणारे महाभागही ग्रुपवर असतात. एमआरपी ही पाकीटबंद मालाची गोष्ट आहे, २०११च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांतली. तिकीट हे बिस्किटाचा पुडा नाही. रेल्वे तिकिटाची गोष्ट वेगळी. तिथे रेल्वे कायद्याचं कलम १४३ आहे आणि अनधिकृत धंद्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम ऑनलाइन काढलेल्या तिकिटांनाही लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. गाण्याच्या कार्यक्रमाला अशी नेमकी तरतूद नाही, ही उणीव मान्य.

“‘पैसे परत नाहीत’ यावर टिक केलीत की विषय संपला.”

नाटकाच्या माणसाला हे वाक्य ऐकवून पाहा, हसेल. प्रयोग रद्द झाला की खिडकीवर पैसे परत, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यासाठी कुणाला अटी-शर्तींची बावीस पानं वाचावी लागत नव्हती. ऑनलाइन आल्यावर ही रीत कुठे हरवली कोण जाणे.

‘पैसे परत नाहीत’ ही अट दोन वेगळ्या प्रसंगी येते आणि मेसेजने दोन्हींची खिचडी केली आहे. तुम्हीच गेला नाहीत, गाडी चुकली, ऑफिसने सोडलं नाही, तर ती अट बहुतेक टिकेल. आयोजकाने त्याचं काम केलं होतं. पण कार्यक्रमच झाला नाही, किंवा झाला तो जाहिरातीत सांगितला तसा झाला नाही, तर एका टिकने सेवेतली त्रुटी धुऊन जात नाही. दोषयुक्त सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं ही कलम २(४७) खाली ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. ग्राहकाला अन्यायकारक स्थितीत टाकणाऱ्या एकतर्फी अटींसाठी कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना २०१९च्या कायद्यात नव्याने आली. यात एक अडचण आहे: अट मुळातच अनुचित ठरवून घ्यायची असेल तर तक्रार जिल्ह्याला नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. नुसते पैसे परत हवे असतील तर जिल्हा पुरतो.

आणि पुन्हा १८८२. त्याच कायद्याचं कलम ६४ सांगतं की मोबदला घेऊन परवाना दिला आणि परवानाधारकाची चूक नसताना देणाऱ्याने त्याला मध्येच बाहेर काढलं, तर भरपाई मिळते. हातात तिकीट असताना ‘आत जागा संपली’ म्हणून दारावरून परत पाठवलेल्यांनी हे कलम पाठ करावं.

१३ डिसेंबर २०२५ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मेस्सीला पाहायला हजारो रुपये मोजून लोक आले. मैदानात त्याच्याभोवती मान्यवरांचं कडं पडलं, आणि प्रेक्षकांना तो धड दिसायच्या आत निघूनही गेला. लोकांनी खुर्च्या फेकल्या, आयोजकाला अटक झाली, पैसे परत करण्याचं आश्वासन मिळालं. खुर्च्या फेकण्याचं समर्थन नाही. पण ‘कार्यक्रम झाला ना, मग पैसे कसले’ हा युक्तिवाद तिथे कुणी करू धजलं नाही.

“वेबसाइट फक्त मध्यस्थ असते.”

मग सुविधा शुल्क कसलं घेते? तिकिटाचे पैसे आयोजकाचे, ठीक. पण वरचे पैसे वेबसाइट स्वतःच्या सेवेचे म्हणून घेते, तेव्हा त्या सेवेपुरती ती मध्यस्थ नाही, थेट विक्रेती आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तिला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असंही हे नियम सांगतात. ३० नोव्हेंबर २०२३च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत तेरा क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. त्यांतल्या तिकीटवाल्यांच्या लाडक्या तीन: ‘शेवटची दोनच तिकिटं!’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली देणगी किंवा विमा, आणि शेवटच्या पानावर फुगलेली किंमत. खुर्ची खरोखरच दहा मिनिटं राखून ठेवणारं घड्याळ मात्र खोटी घाई नव्हे, उगाच त्यावर चिडू नका.

सुविधा शुल्कच बेकायदा आहे, हा महाराष्ट्रातला आणखी एक लाडका समज. त्याला कधीकाळी आधार होता. २०१३ आणि २०१४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढून ऑनलाइन तिकिटांवर असं शुल्क घ्यायला मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १० जुलै २०२५ला ते आदेश रद्द केले. म्हणजे शुल्क घेता येतं. ते आधी सांगावं लागतं, इतकंच.

“परदेशी साइटला कोणी हात लावू शकत नाही.”

अर्धवट खरं. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही ई-कॉमर्स नियम लागू आहेत. आदेशाची अंमलबजावणी अवघड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी पैसे द्यायचेच असतील तर निदान क्रेडिट कार्डाने द्या, वाद उपस्थित करायला बँकेचा रस्ता उरतो. यूपीआयने कुणा अनोळखी माणसाला पाठवले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. दोन दिवसांनी केलेला फोन पोलिसांनाही फारसा उपयोगी पडत नाही.

“हायकोर्टानेही हेच सांगितलंय.”

हे वाक्य सरळसरळ चुकीचं आहे. कोल्डप्लेचे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे शो जानेवारी २०२५ मध्ये होते, मूळ तिकिटं २,५०० ते ३५,००० रुपयांची. पुनर्विक्रीचे आकडे लाखांत गेल्यावर जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारीत ती फेटाळली आणि कारण असं दिलं की असे नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे. नवा कायदा आम्ही करू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. आहेत ते कायदे लागू नाहीत, असं कुठेही म्हणालं नाही. ती याचिका फेटाळली जाण्याआधीच मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली होती आणि ईडीने पाच शहरांत छापे घातले होते. कायदाच नव्हता तर हे सगळे काय शोधत होते?

हे सगळं मी ग्रुपवर इतकं लांबलचक लिहिलं नाही, तिथे तीन ओळींपुढे कुणी वाचत नाही. “काका, हे खरं नाही, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारा” एवढंच लिहिलं. संध्याकाळी काका लिफ्टपाशी भेटले. गेल्या वर्षी त्यांनी नातवंडांसाठी एका कार्यक्रमाची चार तिकिटं काढली होती. कार्यक्रम रद्द झाला. तिकिटांचे पैसे आले, शुल्काचे अकराशे आले नाहीत. दोनदा ईमेल केले, उत्तर नाही. म्हणून मेसेज पटला आणि पुढे पाठवला.

“आता काय उपयोग,” काका म्हणाले, “अकरा महिने झाले.”

“मुदत दोन वर्षांची आहे. तेरा महिने उरलेत तुमच्याकडे.”

“आणि ते ईमेल?”

“ते ठेवलेत ना? डिलीट करू नका फक्त.”