धारेचा कोन आणि धारेमागची जाडी : टूलरूमवाल्या काकांना उत्तर

नमस्कार काका. तुम्ही सहीच ‘सातपूरचा टूलरूमवाला काका’ अशी केली आहे (टूलरूम म्हणजे कारखान्यातला हत्यारं बनवायचा विभाग), म्हणून हक्काने काका म्हणतो. सुरीच्या कोनांवरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटलेला नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा अंश, वीस अंश हे सगळं थोतांड, हातात तेवढा कोन धरताच येत नाही. कोन दिला की धार आली, मग फ्लॅट, हॉलो, कॉन्व्हेक्स ही पात्याच्या घासणीची नावं म्हणजे नुसती दुकानदारांची भाषा. तुमच्या घरची विळी सायकलवाला धारवाला दोन मिनिटांत लावून देतो आणि टोमॅटो अलगद कापला जातो. आणि द्राक्षाच्या कात्रीला एकाच बाजूने धार लावायला सांगून मी शेतकऱ्यांची फसवणूक करतोय, कारण दोन्ही बाजूंनी लावली तर ती दुप्पट चालते.

आधी कात्रीचं बोलू. ‘फसवणूक’ हा शब्द तिथे आलाय, आणि निफाड-दिंडोरीकडचे बरेच बागायतदार इथे वाचतात. छाटणीच्या सिकेटरला पातं एकच असतं. समोर असते ती जाड, बोथट आकडी. पात्याचा आतला गाल सपाट असतो आणि तो त्या आकडीला घासून पुढे जातो, उतार फक्त बाहेरच्या बाजूला. काडी कापली जाते ती या दोघांच्या मध्ये फट नसते म्हणून. आतल्या गालालाही उतार दिलात की धारेची रेघ आकडीपासून लांब सरकते आणि दोघांत बारीक फट पडते. मग कात्री काडी कापत नाही, त्या फटीत ओढून चेचते. साल सोलली जाते, टोक दबलेलं राहतं. खात्री करायची तर कात्री मिटून उजेडाकडे धरा, फट असेल तर तिथून उजेड दिसेल. आतल्या बाजूने करायचं एवढंच: पातं दगडावर पूर्ण सपाट ठेवून दोन हलके हात फिरवायचे, घासताना कडेला वळून आलेली बारीक बर निघून जाते. सुताराची पटाशी तरी वेगळी काय? एका बाजूला 25 ते 30 अंशांचा उतार, पाठ सपाट. पटाशीची पाठ उतरवणाऱ्या पोराला सुतार काय म्हणेल ते तुम्हीच सांगा.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. दिवसभर तीच कात्री दाबणाऱ्या माणसाला विचारा, चेचणारी कात्री संध्याकाळी मनगटाला काय करते.

आता तुमचा मुख्य मुद्दा. कोन दिला की धार आली, हे लेथच्या (फिरता धातू कापणाऱ्या यंत्राच्या) टूलपुरतं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. क्लिअरन्स (धारेमागे सोडलेला मोकळा कोन), वेज (धारेचा स्वतःचा कोन) आणि रेक (वरच्या बाजूचा उतार) मिळून 90 अंश. टूलची टेकते ती फक्त कड. मागचं अंग जॉबला, म्हणजे कापायच्या धातूला, लागू नये म्हणून तर क्लिअरन्स देतो. चिप, म्हणजे धातूचा कीस, सुटते, वळते, उडून जाते. टूलची शँक (धरायचा दांडा) अर्धा इंच आहे की पाऊण, याच्याशी कापण्याला देणंघेणं नसतं.

सुरीचं तसं नाही. सुरीला क्लिअरन्स नसतो. गाजरात सुरी शिरली की गाजर उडून जात नाही, ते पात्याच्या दोन्ही गालांना घट्ट धरून बसतं. धार पुढे सरकते तेव्हा तिच्या मागचं सगळं लोखंड त्याच फटीतून न्यावं लागतं. म्हणून पात्याची घासणी, ज्याला तुम्ही दुकानदारांची भाषा म्हणता, तीच निम्मं काम करते. कोन ठरवतो धार किती टिकेल. सुरी आरपार किती सहज जाईल हे ठरवते धारेमागची जाडी.

टोमॅटोवर हे कळत नाही. टोमॅटोची साल फोडायला धारेवर बारीक दात असले की पुरतात, आणि धारवाल्याच्या जाड्याभरड्या चाकाने ते आपोआप येतात. आतला गर काही पात्याला अडवत नाही. एक जाड, कडक गाजर घ्या. टोकापासून बोटभर अंतरावर सुरी ठेवून सरळ खाली दाबा. पात्याची जाडी जास्त असेल तर सुरी निम्म्यापर्यंत मुकाट जाईल आणि मग ‘कट्’ असा आवाज येऊन तुकडा उडेल. तो उचलून कापलेली बाजू बघा. वरचा अर्धा भाग गुळगुळीत, चकचकीत. खालचा खरखरीत, मधूनच पायरी पडलेला. तिथे धार पोचलीच नव्हती, पात्याच्या जाडीने पाचर मारून गाजर फोडलं. ही सुरी अंगठ्याच्या नखावर धरली तर टोचेलही, धार उत्तम असेल. लाल भोपळा कापताना हात पांढरा पडेपर्यंत जोर लावावा लागतो, त्याचंही हेच कारण.

तुमच्याकडे मायक्रोमीटर असेलच, नसला तर व्हर्नियर चालेल. धारेचा उतार जिथे संपतो तिथली जाडी मोजा. चांगल्या पातळ स्वयंपाकाच्या सुरीत ती 0.2 ते 0.3 मिलिमीटर भरते. समजा दोन सुऱ्या आहेत, दोन्हींना दर बाजूला 15 अंश दिलेत. 0.3 जाडीच्या सुरीवर उताराची पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसेल. जाडी 1 मिलिमीटर असेल तर तीच पट्टी जवळपास 2 मिलिमीटर होईल. कोन तोच. एक सुरी गाजरातून जाईल, दुसरी गाजर फोडेल.

(तुम्ही 15 अंश वाचून ‘एवढी पातळ धार उडेल’ असंही लिहिलंय. टूलरूममध्ये वेज अँगल म्हणजे एकूण कोन. सुरीवाले एका बाजूचा सांगतात. 15 म्हणजे एकूण 30. न्हाव्याचा जुना वस्तरा एकूण 16-17 अंशांचा असतो, पण त्याला फक्त दाढी करायची असते.)

आता धारवाल्याकडे येतो. त्याच्याशी माझं वैर नाही, जेवढे पैसे आपण देतो तेवढ्यात तो आणखी काय करणार? पण त्याचं चाक फक्त कडेला लागतं. 45 मिलिमीटर रुंद, पाठीला 2 मिलिमीटर जाड असलेलं पातं धरा, धारेमागे 0.3. वर्षानुवर्षं कडच घासत राहिल्याने रुंदी 5 मिलिमीटरने घटली, तर धारेमागची जाडी 0.5 होते. धार दर वेळी ताजी, सुरी दर वेळी जड. ‘धार लावूनही सुरी चालत नाही’ ही घरोघरची तक्रार इथून येते. यावर उपाय कडेला नाही, गालाला आहे. पातं जवळपास आडवं ठेवून धारेच्या वरचा भाग जाड दगडावर पातळ करून घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे.

दुसरी गोष्ट ताव. तुमचा हात एचएसएसवर, म्हणजे हाय-स्पीड स्टीलवर, बसलेला आहे. एचएसएस 600 अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही, त्यामुळे टूलला रंग आला तरी तुम्ही निवांत असता. साध्या कार्बन पोलादाच्या सुरीचं तसं नाही. कोरड्या चाकावर कड निळी झाली म्हणजे तिने 300 अंशांच्या आसपास ताव खाल्ला. लोहाराने दिलेलं पाणी तेवढ्या भागात उतरलं. ती धार लागेल, पण आठवड्यात बसेल. कड इतकी पातळ असते की हे क्षणात होतं.

विळीबद्दल तुमचं निरीक्षण खरं आहे, फक्त त्याचं श्रेय कोनाला नाही. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी दोन्ही हातांनी धारेवरून ओढली जाते. धार कधी पाटावर आपटत नाही. सुरी दर कापाला पाटावर आदळते. पातळ कोन विळीवर टिकतो तो यामुळे. विळीचा न्याय सुरीला लावता येत नाही.

घासणीचे प्रकार मग सोपे आहेत. फ्लॅट म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळतं, स्वयंपाकघराला हेच बरं. हॉलो म्हणजे दोन्ही गाल आत खोलगट. लेथचं टूलबिट ग्राइंडिंग व्हीलच्या परिघावर घासलं की त्याला जो हलका खळगा येतो तोच मोठ्या प्रमाणात. धारेमागे फार पातळ, म्हणून वस्तऱ्याला उत्तम, पण खोल कापाला वरचा जाड भाग अचानक अडतो. कॉन्व्हेक्स म्हणजे फुगीर गाल. ऊसतोडीचा कोयता, कुऱ्हाड. मागे भरपूर लोखंड, लाकडात रुतून बसत नाही. कोयत्याला वस्तऱ्याची घासणी देऊन बघा, पहिल्याच घावाला टवका उडेल. कार्बाइडच्या इन्सर्टला (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याला) निगेटिव्ह रेक, म्हणजे उलट उतार, का देतात? ठिसूळ कडेला मागून आधार हवा म्हणून. तुमच्याच खात्यातली गोष्ट आहे ही.

राहिला हाताचा प्रश्न. हात हलतो, कबूल. 45 मिलिमीटरच्या पात्याची पाठ दगडापासून साडेअकरा मिलिमीटर वर धरली की 15 अंश, साडेपंधरावर 20. चार मिलिमीटरचा फरक हाताला कळतो. दोन अंश इकडेतिकडे झाले तर पाठ दीड मिलिमीटर हलते, त्याने कड किंचित फुगीर होते एवढंच, बिघडत काही नाही. सुरुवातीला धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा. शाई वरून गेली तर पाठ खाली पडलीय, नुसती कडेवरून गेली तर जास्त उचललीय.

बाजारातली साधी स्टेनलेस सुरी असेल तर 15 च्या नादी लागू नका, पोलाद मऊ असतं, कड मुडपते. 18 ते 20 ठेवा. 60 रॉकवेल (पोलादाच्या कडकपणाचं माप) च्या आसपासची जपानी सुरी असेल तर 12 ते 15 खुशाल. मात्र तिने हाड किंवा नारळ फोडू नका, तिथे कड मुडपत नाही, तुटते.

शेवटी तुम्ही दगड कोणता म्हणून विचारलंय, जरा कुत्सितपणे, तरी सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुहेरी दगड, एक बाजू भरड, एक बारीक, सुरुवातीला पुरतो. आधी भरड बाजूला दुसऱ्या गालावर बर हाताला लागेपर्यंत घासा, मगच सुरीची बाजू बदला. आणि घरच्या सुरीची धारेमागची जाडी मोजलीत तर आकडा इथेच खाली लिहा.